फाकलेली बोटं

हणबरवाडीत लग्नाच्या पंगती बसायच्या तेव्हा वाढायला बाहेरची माणसं बोलवत नसत. गावातलीच पोरं कमरेला पंचा गुंडाळून उभी राहत. त्या पोरांत अंतू हणबर होता. भाताचं घमेलं खांद्याशी लावून तो रांगेतून असा सरकायचा की कुणाच्या पानाला पाय लागत नसे. पण त्याचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणाने. अंतूच्या रांगेतलं माणूस कधी अर्धपोटी उठत नसे.

याची खूण त्याला चुलत्याने सांगितली होती. आपल्याकडचा पाहुणा तोंडाने 'हवं' म्हणत नाही. 'नको, नको, पुरे' म्हणत तो पानावर आडवा हात धरतो. नवख्या वाढप्याला वाटतं, याचं झालं, आणि तो पुढे जातो. चुलता म्हणाला होता, तोंडाकडं बघू नकोस, बोटांकडं बघ. मिटलेली असली तर खरंच पुरे. फाकलेली असली तर मधनं भात पडू दे.

सगळं गाव उठलं की शेवटची पंगत वाढप्यांची असायची. जेवून तृप्त झालेली माणसं मग त्यांना आग्रहाने वाढायची. त्या पंगतीत अंतू मात्र कधी बसला नाही. तो चुलाणाशी उभ्यानेच दोन घास खायचा आणि भांडी उचलायला लागायचा. मला भूक न्हाई, म्हणायचा. लोक म्हणत, केवढा गुणी पोरगा. कुणी त्याच्या बोटांकडे पाहिलं नाही.

पुढे काळ बदलला. समुद्रात पवनचक्क्यांची रानं उभी राहिली, रस्त्यावरच्या गाड्यांत चालवणारा माणूस उरला नाही. पण सह्याद्री फोडायला माणूस लागतच राहिला. हा डोंगर एकसंध नाही. काळ्या पत्थराचे थर एकावर एक रचलेले आणि मधूनच तांबड्या मातीचा भुसभुशीत थर. भलंमोठं यंत्र काळ्या थरात सुसाट जातं आणि तांबड्यात रुतून बसतं. तिथे हातानेच पोलादी कमानी उभ्या कराव्या लागतात, त्यावर सिमेंटचा फवारा मारावा लागतो आणि मग पाऊल पुढे टाकायचं.

देशावरून कोकणात उतरणाऱ्या भैरवघाटाच्या बोगद्यात अशी कामं करणारी एक टोळी होती. तिचा प्रमुख अंतू. केस पिकले होते, पाठ किंचित वाकली होती. टोळीतले अकरा जण त्याला मामा म्हणत. इथेही तो वाढपीच होता. कुणाचे हातमोजे फाटले, कुणाच्या बाटलीतलं पाणी संपलं, कुणाचं मन घराकडे लागलंय, हे त्याला चालता चालता कळायचं. हुकूम असा तो क्वचितच सोडायचा. कमान उचलायची झाली की सर्वांत जड टोकाला आधी जाऊन उभा राहायचा, मग बाकीचे आपसूक यायचे.

बोटांची गोष्ट टोळीत सगळ्यांना पाठ होती. फवारा मारणारा इरफान मुल्ला तर तिची परीक्षाच घ्यायचा. चहाच्या वेळी भज्याची ताटली पुढे आली की हात आडवा धरून बोटं हळूहळू फाकवायचा आणि म्हणायचा, नको मामा, खरंच नको, अम्मीची शपथ नको. अंतू ताटलीच उचलून पुढच्याला द्यायचा. मग इरफान दिवसभर बोंब मारत फिरायचा की मामाचा डोळा आता गेला.

*

गळ्यात बांधायचा तो पट्टा टोळीत आला उन्हाळ्याच्या तोंडाला. पुण्याच्या श्रमविज्ञान केंद्रातून डॉक्टर केतकी उपळेकर आल्या होत्या. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या, पायात टोळीसारखेच चिखलाने भरलेले बूट. चहाच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून त्यांनी आधी एक प्रश्न विचारला. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन माणूस दमून येतो, पाय उचलत नाहीत, आता पडतो की मग पडतो असं होतं. तेवढ्यात वळणावर घराचं दार दिसतं आणि पाय झपझप पडायला लागतात. ती ताकद कुठून आली?

कुणी म्हणालं भुकेनं, कुणी म्हणालं बायकोच्या भीतीनं. केतकीताई हसल्या. म्हणाल्या, ती ताकद अंगात आधीपासूनच होती. मेंदूने ती झाकून ठेवली होती. स्नायू खरोखर निकामी व्हायच्या बऱ्याच आधी मेंदू ब्रेक दाबतो. त्या ब्रेकलाच आपण शीण म्हणतो. शीण म्हणजे ताकद संपणं नव्हे, तर मेंदूने ताकद राखून ठेवणं. केंद्रातल्या लोकांनी काही वर्षं खपून हा ब्रेक दाबला जातानाची विजेची खूण शोधून काढली होती. कानामागे चिकटवलेल्या टिकलीएवढ्या चकतीने ती वाचता येत होती. मानेतून पोटाकडे जाणारी एक मोठी नस आहे. गळ्यात पट्टा बांधून त्या नसेला तशीच हलकी वीज दिली, तर दुसऱ्या माणसाला तो शीण स्वतःच्या अंगात जाणवतो.

म्हणजे टोळीने कानामागे टिकल्या लावायच्या आणि प्रमुखाने गळ्यात पट्टा. कोण किती थकलंय ते त्याला विचारावं लागणार नाही. बोगद्यातले निम्मे अपघात थकलेल्या हातून होतात, ते टळतील.

जालिंदर ड्रिल चालवायचा. कामात सगळ्यांत मागे आणि बोलण्यात पुढे. तो म्हणाला, म्हणजे आमचा शीण मामाच्या अंगात? मग उद्यापासून मी नाचतच काम करतो. इरफान म्हणाला, टिकली लावल्यावर नाचायलाच पाहिजे. हसण्याने शेडचे पत्रे वाजले.

अंतू हसला नाही. त्याला यंत्राची धास्ती वाटत नव्हती. आपण आयुष्यभर बोटं वाचली ती खरी की खोटी, हे आता कळणार होतं.

कोकणाच्या बाजूने येणाऱ्या टोळीचे प्रमुख प्रतापराव शिर्के यांनी पट्टा आधी बांधला. पहिल्या दिवशी त्यांना उलटी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्याचा जोर अगदी कमी करून घेतला आणि वेगळाच उपयोग शोधला. ज्याचा शीण जाणवत नाही तो कामचोर, असं धरून ते त्याला फैलावर घेऊ लागले. तीच वस्तू, पण त्यांच्या हातात ती चाबूक झाली.

*

अंतूने पट्टा बांधला आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

आधी वाटलं, अंगावर कुणी ओली घोंगडी टाकली. मग त्या घोंगडीतले धागे सुटे होऊ लागले. एक शीण खांद्यात होता, भिजलेल्या गोणीसारखा. तो इरफानचा, फवाऱ्याची नळी धरून धरून आलेला. एक गुडघ्यात ठणकत होता, तो म्हाताऱ्या बाबू कातकऱ्याचा, जो दर पायरीला कळ लपवत हसत असे. अकरा माणसं त्याच्या अंगात येऊन उभी होती आणि प्रत्येकाला तो चेहऱ्यासारखा ओळखत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळाच्या गाभाऱ्यात अंधाराला डोळे सरावल्यावर हळूहळू मूर्ती दिसू लागावी, तसं त्याला झालं.

त्या अकरांत सगळ्यांत मोठा शीण निघाला जालिंदरचा. तो अंगाचा नव्हताच. पोकळ होता, तळ नसलेल्या आडासारखा. ज्याला मामा मनातल्या मनात आळशी म्हणत आला होता, तो माणूस अनेक रात्री झोपलेला नव्हता. अंतूने त्याला बाजूला घेऊन विचारलं. जालिंदर म्हणाला, काय न्हाई मामा, चालतंय की. अंतू नुसता थांबून राहिला. मग हळूहळू निघालं की त्याचं तान्हं पोर श्वासाच्या दुखण्याने दवाखान्यात होतं, आणि हा रोज रात्री तिथे बसून सकाळी ड्रिल धरत होता.

जालिंदरला त्या आठवड्यात ड्रिल दिलं नाही. हे कुणी ठरवलं ते कुणाला कळलं नाही. सगळ्यांनीच पाळ्या थोड्या थोड्या सरकवून घेतल्या.

केतकीताई रोज बाहेरच्या केबिनमध्ये पडद्यावरचे आकडे बघत. एके दिवशी त्या बोगद्यात धावतच आल्या आणि अंतूला म्हणाल्या की शीण नुसता कळत नाही, टोळीच्या अंगातून उतरतोही आहे, पण त्याचा जमाखर्च लागत नाहीये. टोळीच्या अंगातून जितका शीण कमी झाला, तितका अंतूच्या अंगात पोचत नव्हता. इकडून दहा भाग निघत होते, तिकडे सहाच उतरत होते. त्यांनी टिकल्या बदलल्या, पट्टा बदलला, सगळं पुन्हा मोजलं. तेच.

"मग मधले चार गेले कुठं?" अंतूने विचारलं.

केतकीताई तिथल्या एका दगडावर बसल्या. म्हणाल्या, अंदाज आहे, खात्री नाही. आपला शीण दुसऱ्या कुणाला कळलाय, हे मेंदूला समजलं की तो ब्रेक थोडा सैल करतो. आजाऱ्याचा हात कुणी धरला की कळ कमी होते, तसं काहीतरी. पण ते इतकं असेल असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं. बघा ना मामा, वजन उचलायला दुसरा हात लागला तर ते वाटलं जातं. शीण वाटला तर तो चक्क नाहीसा होतो.

 वरून डोंगराचं पाणी ठिबकत होतं. माणसाच्या जातीत हे पहिल्यापासून असणार, आणि आज कुठे ते मोजता आलं, या विचाराने अंतूच्या अंगावर काटा आला. त्याला हणबरवाडीची पंगत आठवली.

*

त्या दिवसापासून अंतूने पट्टा काढेनासा केला. टिकली लावलेला माणूस खोलीवर गेला तरी त्याचा शीण लहरीसारखा येत राही, आणि आपल्या अंगात आलेला प्रत्येक कण म्हणजे कुणाच्या तरी अंगातून गेलेला दीडपटीहून जास्त शीण, हे अंतूला आता कळलं होतं. ते कळल्यावर पट्टा काढणं त्याला चोरीसारखं वाटे.

बोगद्याच्या तोंडाशी कामगारांची वसाहत होती. तिथे दोन खोल्यांत अंतू, त्याची बायको सुलोचना आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई राहत. सासूला उठवणं, न्हाऊमाखू घालणं, कुशीवर वळवणं सगळं सुलोचना करायची. मदतीला येणारी बाई गावी गेल्यापासून ती एकटीच होती.

एका संध्याकाळी अंतू घरी आला तर सुलोचना चुलीशी भिंतीला टेकून बसली होती. त्याने विचारलं, काय पाहिजे का? ती म्हणाली, काही नको. तो बरं म्हणाला आणि आडवा झाला. त्याचं अर्धं चित्त बाबू कातकऱ्याच्या गुडघ्यात होतं.

सकाळी त्याला जाग आली ती आईच्या हाकेने. सुलोचना अजून तिथेच, तशीच बसलेली होती. पाठीत उसण भरून तिला रात्रभर उठता आलं नव्हतं. अंतू घाबरून तिच्याजवळ गेला, मला उठवलं का नाहीस, म्हणून तिलाच बोलला.

सुलोचनाने त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "माझी टिकली कपाळावर हाय, कानामागं न्हाई. म्हणून दिसत न्हाई व्हय तुमाला?"

 ज्या माणसाने गावभरच्या पाहुण्यांचं 'नको' उलटं वाचलं, त्याने स्वतःच्या घरातलं 'नको' सरळ वाचलं होतं. काल तिचा हात कुठे होता, बोटं कशी होती, त्याला आठवेना. त्याने पाहिलंच नव्हतं.

त्याने त्या दिवशी सुट्टी घेतली, तिची पाठ शेकली, आईला न्हाऊ घातलं. संध्याकाळी केतकीताई चौकशीला आल्या तेव्हा त्यांनी त्याची नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. बाहेर अंगणात नेऊन त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. मामा, अकरा जणांच्या शिणाखाली तुमचा स्वतःचा शीण गाडला गेलाय. तुमचा मेंदू ब्रेक दाबतोय, पण तो तुम्हाला ऐकू येत नाही. घरच्यांचं ऐकू येत नाही तसंच. असंच चाललं तर एक दिवस हृदय बंद पडेल आणि तुम्हाला आधी कळणारही नाही.

यावर उपाय होता. टिकल्या नुसत्या वाचत नाहीत, कानाजवळच्या नसेला वीजही देऊ शकतात. प्रवाह उलटा फिरवला तर अंतूचा शीण अकरा जणांत वाटला जाईल. फक्त त्यासाठी ज्याचा शीण त्याचा स्वतःच्या तोंडचा होकार लागतो. आपला शीण ही आपली खासगी गोष्ट, ती दुसऱ्याने परस्पर उचलायची नाही, असा केंद्राचा नियम होता. टोळीने आपला होकार केव्हाच नोंदवून ठेवला होता. अडलं होतं ते अंतूपाशी.

अंतू म्हणाला, माझं काय ताई, मी उभ्यानं जेवणारा माणूस. पोरांच्या अंगावर माझं कशाला?

केतकीताईंनी एकच विचारलं. त्यांचा शीण घेताना तुम्हाला बरं वाटतं ना? मग ते सुख त्यांना का देत नाही?

 तरी अंतूने होकार दिला नाही.

*

पलीकडून शिर्क्यांची टोळी येत होती, अलीकडून अंतूची, आणि मधे खडकाची पातळ भिंत उरली होती. बोगदा आरपार व्हायला आता फार दिवस नव्हते. त्या सकाळी टोळी पुढच्या काळ्या थरात काम करत असताना मागून फुसफुस आवाज आला. वळून पाहिलं तर ज्या वाटेने ते आत आले होते, त्या वाटेच्या डोक्यावरची तांबडी माती पाझरायला लागली होती. फवाऱ्याचं अस्तर तडकलं होतं आणि फटीतून गेरूसारखं पाणी उतरत होतं. पुढे खडक, मागे तांबडा थर, आणि बाहेर जायची वाट त्याच थराखालून.

जास्तीच्या कमानी आत होत्या, सिमेंट होतं. कमानी उचलणारं यंत्र मात्र तांबड्याच्या पलीकडे अडकलं होतं. बाहेरचे लोक त्यांच्या बाजूने टेकू देत आत सरकत होते, पण त्यांना यायला वेळ लागणार होता. तोवर आतून हातांनी कमानी उभ्या करायच्या, छत तोलून धरायचं, सिमेंट घट्ट होईपर्यंत सोडायचं नाही. एक हात सुटला तर कमान सुटणार, कमान सुटली तर डोंगर खाली.

अंतू सर्वांत जड टोकाला जाऊन उभा राहिला. बाकीचे आले.

पहिली कमान बसली, दुसरी बसली. इरफान फवारा मारत होता, उरलेले खांद्यावर पोलाद घेऊन उभे. शीण लाटांसारखा येत होता आणि अंतू तो पीत होता. नदीच्या मुखाशी उभं राहून सगळं पाणी अंगावर घ्यावं तसा. माणसांना वाटत होतं, आपल्या अंगात आज कुठून एवढं बळ आलं. जालिंदर म्हणाला, मामा, घराचं दार दिसल्यासारखं वाटतंय बघा.

तिसरी कमान डोक्यावर असताना अंतूच्या कानातल्या फोनवर केतकीताईंचा आवाज आला. त्या फक्त त्याच्याशी बोलत होत्या. तुमचं हृदय अडखळतंय, पट्टा आत्ता काढा. अंतू पुटपुटला की पट्टा काढला तर सगळा शीण एकदम या पोरांवर जाईल आणि हात वर असतानाच गळतील. मग प्रवाह उलटा करू द्या, हो म्हणा, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, नको. ह्यांना कळू देऊ नका.

 मग भिंतीवरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मंडळी, मामांना तुमची गरज आहे, आणि ते ती सांगत नाहीयेत.

दिव्यांचे झोत वळले. अंतूचे ओठ निळसर झाले होते. एक हात कमानीला, दुसरा गळ्यातल्या पट्ट्यावर आडवा.

"काय न्हाई रं," तो म्हणाला. "चालतंय. नको."

 वरून माती टपटपत होती. फवाऱ्याची नळी कमरेला दाबून धरत इरफान दोन पावलं जवळ आला. तो मामाच्या तोंडाकडे बघत नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "बोटं फाकलीत तुमची."

अंतूने मान खाली घालून पाहिलं. पट्ट्यावर ठेवलेल्या हाताची पाचही बोटं सुटी झाली होती, पानावर धरलेल्या हातासारखी. किती वर्षं ती अशीच फाकलेली असतील, चुलाणाशी उभं राहिलेल्या त्या पोरापासून, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. त्याच्या घशातून हसू निघालं की हुंदका, ते त्यालाही कळलं नाही.

"घ्या रं," तो म्हणाला.

तेवढा होकार पुरे होता.

आधी काहीच झालं नाही. मग पाठीवरचं काहीतरी हललं. अंतूला वाटलं, छत खाली येतंय. पण ते वर जात होतं. कुणीतरी त्याच्या एका खांद्याखाली हात घातला, मग दुसऱ्या, मग पाठीखाली. कुणी जागचं हललं नव्हतं, सगळे आपापल्या जागी पोलाद धरून उभे होते, आणि तरी अकरा माणसं त्याला उचलत होती. तो भिजलेल्या गोणीचा हात इरफानचा. तो गुडघ्यात ठणका घेऊन आलेला बाबूचा. आणि तो पोकळ आड, जालिंदरचा, त्याला आता तळ होता. त्या तळाशी पाणी होतं आणि तो ते ओंजळीने देत होता.

टोळीतल्या प्रत्येकाच्या तोंडून एकाच वेळी एक सुस्कारा निघाला. मामाचा शीण त्यांना पहिल्यांदाच कळत होता. बाबू कातकरी नंतर सांगायचा, मला वाटलं व्हतं लई जड असंल, पण ते जुनं व्हतं, जड न्हवतं. माझ्या बापाचा हात धरल्यावानी वाटलं.

बाहेर केबिनमध्ये केतकीताई पडद्यापुढे उभ्या होत्या. बाराही रेषा खाली येत होत्या. एक उतरती, दुसरी चढती असं नव्हे. सगळ्या एकदम. शीण बारा जणांत फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा नाहीसा होत होता. अंतूच्या नाडीची रेष दोनदा अडखळली, मग सरळ चालू लागली. केतकीताईंनी तोंडावर हात ठेवला. शेजारच्या तंत्रज्ञाने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यांना एवढंच म्हणता आलं, बघ, जातोय.

तिसरी कमान घट्ट बसली. मग चौथी. पलीकडून ठोके ऐकू येऊ लागले, टेकू देत येणाऱ्यांचे. माती पाझरायची थांबली नाही, पण छत हललं नाही. बाहेरचा पहिला दिवा आत आला तेव्हा टोळी अजून हात वर करून उभी होती, आणि आलेल्या माणसाने नंतर सगळ्यांना सांगितलं की त्यांचे चेहरे दमलेले दिसतच नव्हते, नुकतं काहीतरी पाहून आल्यासारखे दिसत होते.

*

बोगदा आरपार झाला त्या दिवशी वारं देशावरून कोकणात गेलं आणि समुद्राचा वास देशावर आला. दोन्ही टोळ्या एकमेकांना भेटल्या. शिर्क्यांनी अंतूला बाजूला नेऊन विचारलं की पट्ट्याचा जोर तुम्ही किती ठेवता. अंतू म्हणाला, जोराचं मला कळत न्हाई, पण तुमच्या टिकल्या उलट्या चालू करून घ्या.  दुपारी शिर्के केतकीताईंच्या केबिनपाशी घुटमळताना दिसले.

बोगद्याच्या तोंडाशी पंगत घातली होती. अंतूच्या गळ्यात पट्टा नव्हता. केतकीताईंनी त्याला काही दिवस सक्त मनाई केली होती, आणि तो निमूटपणे पाळत होता. सवयीने तो भाताचं घमेलं उचलायला गेला, तर जालिंदरने ते आधीच पळवलं होतं. कडेवर पोर घेऊन आलेली त्याची बायको हसत होती. पोर चांगलं गुबगुबीत झालं होतं.

सगळे जेवून उठल्यावर शेवटची पंगत मांडली, वाढप्यांची. त्या पंगतीत टोळीने अंतूला दंड धरून बसवलं आणि शेजारी सुलोचनाला. ती म्हणाली, मी कशाला, मी कुठं वाढलंय? अंतू म्हणाला, गप बस, तुझ्याएवढं कुणी वाढलंय?

इरफान आमटी घेऊन आला. सुलोचनाने पानावर हात आडवा धरला, नको भाऊ, पुरे झालं, म्हणाली. इरफान पुढे सरकणार तोच अंतूने त्याचा सदरा धरला. त्याने बायकोच्या हाताकडे बोट दाखवलं. तिने चटकन बोटं मिटली आणि लाजून मान फिरवली, पण तोवर इरफानने डाव ओतला होता.

मग तो भाताचं घमेलं घेऊन अंतूपुढे आला. अंतूचा हात आपोआप पानावर गेला. 'नको' हा शब्द ओठापर्यंत आलासुद्धा. त्याने खाली आपल्या बोटांकडे पाहिलं. ती फाकलेली होती.

त्याने हात उचलून मांडीवर ठेवला.

"वाढ," तो म्हणाला.